जांघेतला हर्निया: ऑपरेशनच्या आधी आणि मुख्य म्हणजे नंतर

उजव्या जांघेत फुगवटा दिसायला लागला तेव्हा दुखत काहीच नव्हतं. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायच्या वेळी तो असायचा, रात्री आडवं झालं की आत जायचा आणि सकाळी पत्ताच नसायचा. त्यावर बोट ठेवून खोकलं की आतून ठोसा बसल्यासारखा लागायचा. शिरपूर तालुक्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आमच्याकडे याला कुणी हर्निया म्हणतं, जुनी माणसं ‘आतडं उतरलं’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा कुणीच काही म्हणत नाही, कारण जागाच तशी आहे. पुरुष एकमेकांना मूळव्याधीबद्दल सांगतील, जांघेतल्या सुजेबद्दल सांगत नाहीत. म्हणून हे जरा मोकळेपणानं आणि तपशिलात लिहितोय.

सर्जननी आधी उभं करून तपासलं, मग झोपवून. उभं असताना मान वळवून खोकायला लावलं. सोनोग्राफीची गरज नाही म्हणाले. सूज स्पष्ट दिसत असली, हाताला लागत असली की निदान तपासणीतच होतं. माझा धंदा त्यांना माहीत होता, त्यामुळे समजावलंही त्याच भाषेत: गोणीची बाहेरची शिवण उसवली की आतली पातळ पिशवी तिथून बाहेर डोकावते, तसं पोटाचं आतलं अस्तर स्नायूंच्या फटीतून बाहेर येतं आणि त्यात कधी चरबी, कधी आतड्याचं वेटोळं उतरतं. ही फट पुरुषांत जन्मजात कमजोर जागी असते. आईच्या पोटात असताना वृषण पोटातून खाली अंडकोशात उतरतात, आणि ते ज्या वाटेनं उतरतात ती वाट आयुष्यभर थोडी सैल राहते. म्हणून हा आजार पुरुषांचा जास्त. दर चार पुरुषांपैकी एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तिघी इतकंच.

‘गोण्या उचलल्यानं झालं का?’ हा माझा पहिला प्रश्न होता. युरियाची गोणी आता ४५ किलोची, डीएपीची ५०. हमाल नसेल त्या दिवशी मीही हात लावतो. सर्जन म्हणाले, ओझं हे एक कारण असू शकतं, पण एकटं ओझंच जबाबदार असतं तर सगळ्या हमालांना हर्निया झाला असता. जुनाट खोकला, विडी-सिगारेट, शौचाला कुंथावं लागणं, प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करावा लागणं, घरात वडील-भावांना असणं, असं बरंच काही त्यात येतं. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझ्या लघवीची, खोकल्याची, पोट साफ होण्याची चौकशी जांघेपेक्षा जास्त वेळ केली. हे मला फार पटलं. फट शिवायची आणि तिच्यावरचा जोर तसाच ठेवायचा, यात काही अर्थ नाही.

लगेच ऑपरेशन करायलाच पाहिजे का, हेही विचारलं. उत्तर सरळ मिळालं: त्रास नसेल तर थांबलेलं चालतं. अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांवर एक अभ्यास झाला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. थांबलेल्यांमध्ये आतडं अडकून तातडीचं ऑपरेशन करायची वेळ हजार माणसांमागे वर्षाला दोघांपेक्षाही कमी जणांवर आली. पण त्याच लोकांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलेलं दिसलं, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत ते पुढे ढकलणंच ठरतं. मला संध्याकाळी ओढल्यासारखं व्हायला लागलं होतं आणि दिवसभर उभं राहण्याचा धंदा. मी करून घ्यायचं ठरवलं. एप्रिल-मेमध्ये खानदेशातल्या उन्हात जांघेतली जखम घामानं भिजत राहणार, जूनमध्ये खरिपाची गर्दी. म्हणून संक्रांत झाल्यावरची तारीख घेतली.

थांबायचं ठरवणाऱ्यानं मात्र एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. सूज अचानक कडक झाली, दुखायला लागली, झोपूनही आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, गॅस सरणं बंद झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. आतडं अडकलं की त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि काही तासांत तो भाग मरू शकतो. तेव्हा दाबून आत ढकलायचा प्रयत्न करायचा नाही, गरम शेक द्यायचा नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही, थेट सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. बायकांच्या जांघेत थोडा खालच्या बाजूला होणारा हर्निया असतो, तो अडकण्याची शक्यता खूप जास्त. त्यात ‘थांबून बघू’ म्हणत नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारा हर्नियाचा पट्टा फट बुजवत नाही, सूज तेवढी दाबून धरतो.

मग प्रश्न आला कोणतं ऑपरेशन. दुर्बिणीतून की उघडं? दुर्बिणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल लागते, छोटी भोकं पडतात, कामावर थोडं लवकर परतता येतं; दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा एकदा उघडं ऑपरेशन होऊन परत झाला असेल तर ते विशेष सोयीचं. उघड्या ऑपरेशनला कमरेखालची भूल पुरते, कधी नुसती जागेवरची भूल देऊनही करतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत पादुआच्या बासिनी यांनी स्नायू ओढून शिवायची रीत घालून दिली. त्यात टाक्यांवर ताण यायचा, दुखायचं आणि हर्निया परत व्हायचा. लॉस एंजेलिसच्या लिख्टेनश्टाइन यांनी १९८० च्या दशकात ताण न देता फटीवर प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी बसवायची पद्धत रूढ केली. आज जगभर उघडं ऑपरेशन म्हटलं की बहुतेक ठिकाणी हेच.

जाळी नको असेल तर? एका नातेवाइकानं पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत सांगितली होती. त्यात बाहेरची जाळी बसवत नाहीत. पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा जो चिवट पांढरा पडदा असतो, त्याचीच एक पट्टी वळवून कमजोर जागेवर शिवतात. २००१ मध्ये त्यांनी ती जगासमोर मांडली आणि पुढे पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची लिख्टेनश्टाइन पद्धतीशी तुलना झाली, तीन वर्षांनी दोन्हींचे निकाल सारखेच निघाले. मी हे सर्जनना विचारलं. ते म्हणाले, ‘‘काका, पद्धत चांगली आहे. पण माझा हात जाळीच्या ऑपरेशनवर बसलाय, ते मी आठवड्याला करतो. तुम्हाला तीच पद्धत हवी असेल तर ती रोज करणाऱ्याकडे जा, मी चिठ्ठी देतो.’’ इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाकडेच मी थांबलो. हर्नियात पद्धतीच्या नावाइतकाच ती करणाऱ्या हाताचा सराव महत्त्वाचा असतो.

जाळीचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोंडाईचा इथून फार लांब नाही. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर खेड्यापाड्यांतल्या रुग्णांची ऑपरेशनं करायचे आणि कंपनीची आयात जाळी गरीब शेतकऱ्याला, मजुराला परवडायची नाही. त्यांनी मच्छरदाणीचं कापड तपासून पाहिलं. त्याचा धागाही त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा. ते कापड कापून, धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनात वापरलं, इतर सर्जननाही वापरायला दिलं आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात मांडले. पुढे ही कल्पना आफ्रिकेत गेली. युगांडात ३०२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. २०१६ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाला हर्निया परत झाला, महागड्या जाळीच्या गटात कुणालाच नाही, बाकी काहीही फरक नाही. एक जाळी सव्वाशे डॉलरची, दुसरी एका डॉलरच्या आसपास. धुळे जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात, पैशाअभावी कुणाचं ऑपरेशन अडू नये म्हणून सुचलेली ही गोष्ट आहे. आमच्या शाळांत मुलांना ती सांगितली जायला हवी असं मला मनापासून वाटतं. (कुठलीही मच्छरदाणी चालते असा अर्थ कुणी काढू नये. धागा कोणता आणि तो निर्जंतुक कसा करायचा, यावरच सगळं अवलंबून आहे.)

विम्याबद्दल एवढंच: मेडिक्लेममध्ये हर्नियाला बहुधा पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. तारीख घेण्याआधी पॉलिसीचं ते कलम वाचून घ्या आणि कॅशलेसची मंजुरी आधीच मागवा.

ऑपरेशनच्या दिवशी रात्रीपासून उपाशी, सकाळी जांघेचे केस काढले, उजव्या मांडीवर पेननं बाण काढला. भूलतज्ज्ञ बाईंनी टेबलावर बसवून पाठीचा बाक काढायला सांगितलं, हनुवटी छातीला, आणि सिस्टरनी खांदे धरून ठेवले. सुई टोचल्याचं कळतं, पण मी मनात धरलं होतं तेवढं ते नव्हतं. पायांत ऊब उतरत गेली, मग पाय माझे राहिलेच नाहीत. बाईंनी गार बोळा पोटावरून खाली फिरवत ‘गार लागतं का?’ विचारलं, एका जागेनंतर लागेना. पुढे पडद्यापलीकडे काय चाललंय ते कळत होतं, म्हणजे ओढल्याचं, दाबल्याचं. दुखत अजिबात नव्हतं. मध्ये एकदा सर्जननी मला जोरात खोकायला लावलं, शिवण टिकते का ते बघायला. जाळी साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि त्याच्या निम्मी रुंद येते, ती माणसाच्या मापानं कापून, वृषणाकडे जाणाऱ्या नळ्या आणि रक्तवाहिन्यांना वाट ठेवून बसवतात. तासाभरात बाहेर. अंगात हुडहुडी भरली होती, ती भुलीमुळे येते. दोन ब्लँकेटं घातल्यावर गेली.

आता खरं सांगायचं ते पुढचं आहे. ऑपरेशनबद्दल सगळे बोलतात. नंतरच्या दिवसांबद्दल कागदावर चार ओळी मिळतात.

पहिली लढाई लघवीची. कमरेखालच्या भुलीत मूत्राशय सगळ्यात शेवटी जागा होतो. पाय हलायला लागले, भूक लागली, पण लघवी होईना. पोटाखाली ताण वाढत गेला. पलंगावर आडवं राहून भांड्यात होणं माझ्या वयाच्या पुरुषाला अवघडच. सिस्टरनी परवानगी विचारून मला हळूहळू उभं केलं, नळ सोडला आणि बाहेर थांबल्या. झाली. नसती झाली तर एकदा नळी घालून मोकळी करतात, त्यातही घाबरायचं काही नाही. लाजून ताण सहन करत राहणं त्यापेक्षा वाईट. प्रोस्टेटचा त्रास असेल त्यानं हे आधीच सांगून ठेवावं.

उठायची रीत शिकून घ्या. सरळ उठून बसायचं नाही. आधी ज्या बाजूला टाके नाहीत त्या कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन अंग वर घ्यायचं. खोकला, शिंक, हसू, काहीही यायच्या आधी तळहात जखमेवर दाबून धरायचा. त्याच संध्याकाळी मी वॉर्डात चाललो आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. चालणं हे त्यातलं सर्वांत मोठं औषध आहे. पडून राहिलात तर पोट बसतं, पाय सुजतात, पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते.

दुखण्याच्या गोळ्या पहिले काही दिवस वेळ धरून घ्याव्यात, ठणका वाढल्यावर नाही. जोराच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि इथंच माणसं रडकुंडीला येतात, कारण कुंथायला जीव होत नाही. मी पहिल्या रात्रीपासून इसबगोल घेतला, पाणी भरपूर, पपई. आमचा संडास देशी बैठकीचा; उकिडवं बसताना जांघेत टाके ओढतात. घरी येण्याआधीच मुलानं कमोडची खुर्ची आणून ठेवली होती. सगळ्या खर्चात ती सर्वांत उपयोगी ठरली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंघोळीच्या वेळी खाली पाहिलं आणि धसकाच बसला. अंडकोश सुजलेला, जांभळा-काळा, लिंगाचं मूळही निळं. सर्जननी आधी सांगितलं होतं म्हणून वाचलो. नाहीतर त्याच रात्री गाडी काढली असती. जखमेतलं थोडं रक्त उताराला लागून खाली साचतं, त्याचा तो रंग. पुढे हिरवट होतो, पिवळा होतो, दोनेक आठवड्यांत जातो. झोपताना खाली टॉवेलची घडी ठेवायची, दिवसा घट्ट चड्डी किंवा सपोर्टर घालायचा. मात्र वृषण स्वतः कडक होऊन जोरात दुखायला लागला, जखम लाल-गरम झाली, पू आला, ताप चढला किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर ती साधी गोष्ट नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

भेटायला येणाऱ्यांनी खाण्यावर बंधनं सुरू केली. भातानं पू होतो, वांगं वातूळ, डाळ जड. पौष-माघात आमच्याकडे भरिताचे दिवस, आणि मी खिचडीवर. शेवटी बायकोनंच फोन करून सर्जनना विचारलं. ते म्हणाले, ‘‘वहिनी, वांगं बिनधास्त द्या. पोट फुगेल, साफ होणार नाही असं काही नको, बाकी सगळं खाऊ द्या. प्रथिनं जास्त द्या, जखम त्यानंच भरते.’’ त्या रात्री कळण्याची भाकरी आणि भरीत जेवलो. मिरची तेवढी बेतानं.

पुढे टाके काढल्यावर जखमेखाली बोटाएवढं कडक वळ हाताला लागायला लागलं. इथं पुष्कळांना वाटतं की हर्निया परत आला. तो भरून येणाऱ्या जखमेचा कठीणपणा असतो. खोकल्यावर तो बाहेर येत नाही, झोपल्यावर आत जात नाही, हीच ओळख. दोन-तीन महिन्यांत मऊ होतो. जखमेच्या खाली मांडीच्या आतल्या बाजूला एक टापू बधिर झाला. तिथून जाणाऱ्या बारीक नसा ऑपरेशनमध्ये ताणल्या जातात. बहुतेकांचा तो हळूहळू लहान होत जातो, थोडा कायमचाही राहू शकतो. आणि हेही लपवू नये: दहापैकी साधारण एकाला तीन महिन्यांनंतरही जांघेत दुखत राहतं. त्यातल्या थोड्यांनाच ते रोजच्या कामात आडवं येतं, पण ज्याला येतं त्यानं ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’ म्हणत सोसत बसू नये. त्यावर औषधं आहेत, नसेभोवती द्यायची इंजेक्शनं आहेत. सर्जनकडे परत जायलाच हवं.

आणखी एक प्रश्न प्रत्येक पुरुषाच्या मनात असतो. मी तो बायकोसमोरच विचारला. शरीरसंबंधांवर कायमचा काही परिणाम होत नाही. जखमेचं दुखणं गेलं, हालचाल मोकळी झाली की दोन-तीन आठवड्यांनी सुरू करता येतात. सुरुवातीला ओढल्यासारखं वाटलं तर थांबायचं, एवढंच.

ओझ्याबद्दल प्रत्येकजण वेगळं सांगतो. जुन्या पद्धतीत टाक्यांवर ताण असायचा, म्हणून तीन-तीन महिने विश्रांती सांगत. जाळीत तो ताण नसतो, त्यामुळे आता दुखत नसेल ते रोजचं काम लवकर सुरू करा असाच कल आहे. मला सांगितलं ते असं: चालणं, जिने पहिल्या दिवसापासून, काउंटरवर बसणं आठवड्यानंतर, मोटारसायकल तेव्हा, जेव्हा दचकून ब्रेक दाबला तरी जांघेत कळ येणार नाही, आणि तेव्हाही किक न मारता, मेन स्टँड न लावता, पाण्याचा हंडा महिन्यानंतर, गोणी दीड-दोन महिन्यांनी, तीही दोघांनी मिळून, श्वास न कोंडता. मी त्याप्रमाणे केलं आणि ते निभलं.

माझ्यासारख्याला हे जमतं, कारण गल्ल्यावर मुलगा बसू शकतो. आमच्या दुकानातल्या हमालाच्या जांघेतही अशीच सूज आहे हे मला माझं ऑपरेशन झाल्यावर कळलं. माझं ऐकून त्यानं स्वतःहून सांगितलं, ‘‘शेठ, मलाबी हाय, तीन वर्षं झाली, लंगोट कसून बांधतो.’’ त्याला सरकारी रुग्णालयात नेलं. ऑपरेशनची अडचण नव्हतीच. त्याचा प्रश्न वेगळा होता: गोणीमागे मजुरी मिळणाऱ्या माणसानं दोन महिने ओझं उचलायचं नाही म्हणजे खायचं काय? सुट्टी नाही, आजारपणाचा पगार नाही. म्हणूनच ही माणसं वर्षानुवर्षं लंगोट बांधत राहतात. बाजारपेठेतल्या आम्ही काही दुकानदारांनी मिळून ठरवलं की हमालाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तर तेवढे दिवस त्याला बसून करायचं काम द्यायचं, रोज ठरवून. तो आता वजनकाट्यापाशी बसतो, पावत्या जुळवतो, गाडी आली की गोण्या मोजून घेतो. ओझं त्याचा पुतण्या उचलतो. खरिपाचा माल उतरायला लागेपर्यंत त्याचे दोन महिने पूर्ण होतील. त्याआधी त्याला सर्जनना दाखवून आणायचं आहे.